पानाच्या आत, पानाच्या बाहेर

ब्राउझर ऑटोमेशनवरच्या मागच्या लेखात मी सांगितलं होतं की ब्राउझर बाहेरून चालवता येतो आणि गरज पडली तर पानाच्या आत आपली स्क्रिप्टही चालवता येते. आलेली बहुतेक पत्रं त्या ‘गरज पडली तर’वरच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ब्राउझर चालवणाऱ्या लायब्ररींपैकी कोणी प्लेराइट वापरतं, कोणी पपेटिअर, कोणी सेलेनियम. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

प्रश्न : मॅडम, मी प्लेराइट वापरतो. टेस्टच्या फाइलमध्ये वरच ‘मर्यादा’ नावाचा व्हेरिएबल आहे. तो पेज.इव्हॅल्युएटला, म्हणजे पानाच्या आत स्क्रिप्ट चालवणाऱ्या मेथडला, दिलेल्या फंक्शनमध्ये वापरला की ‘मर्यादा इज नॉट डिफाइन्ड’ असा रेफरन्स एरर येतो. एडिटर काही चूक दाखवत नाही, टाइपस्क्रिप्टही दाखवत नाही. आत कन्सोल.लॉग टाकून पाहिलं तर टर्मिनलवर काहीच उमटत नाही. फंक्शन चालतंय तरी की नाही?

उत्तर : चालतंय, पण तुम्ही ज्या जागी समजताय त्या जागी नाही. तुमची टेस्ट नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्ये चालते आणि पान ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये असतं. दोघांची मेमरी वेगळी. इव्हॅल्युएटला फंक्शन दिलं की लायब्ररी त्याचं टू-स्ट्रिंग करते, म्हणजे फंक्शनचा नुसता मजकूर काढून घेते. क्रोमच्या बाबतीत तो मजकूर डेव्हटूल्स प्रोटोकॉलवरून, म्हणजे ब्राउझरशी बाहेरून बोलायच्या वाटेने, ब्राउझरकडे जातो आणि ब्राउझर त्यातून एक नवंकोरं फंक्शन बनवून पानात चालवतो. फोनवरून कोणाला मजकूर सांगून लिहून घ्यायला लावावा तसं हे आहे. सांगताना ‘माझ्या टेबलावरच्या फाइलमधला आकडा घे’ म्हटलंत तर पलीकडच्या माणसाच्या टेबलावर ती फाइलच नसते.

एडिटर गप्प का बसतो? कारण त्याच्या दृष्टीने तुमचं फंक्शन त्याच फाइलमध्ये आहे, ‘मर्यादा’ त्याच्या वरच लिहिलेली आहे, सगळं नियमाला धरून आहे. हे फंक्शन इथे कधीच चालणार नाही, हे टाइपस्क्रिप्टला कोणी सांगितलेलंच नसतं.

उपाय सोपा आहे. ‘मर्यादा’ आर्ग्युमेंट म्हणून द्या. इव्हॅल्युएटचं पहिलं आर्ग्युमेंट फंक्शन, दुसरं त्या फंक्शनला द्यायची किंमत. प्लेराइट अशी एकच किंमत घेतं, त्यामुळे दोन-तीन गोष्टी पाठवायच्या असतील तर त्यांचा एक ऑब्जेक्ट करून पाठवा आणि आत सुट्या करून घ्या. पपेटिअरमध्ये हवी तेवढी आर्ग्युमेंट्स एकापुढे एक देता येतात. एका लायब्ररीतून दुसरीकडे कोड नेताना इथे हमखास अडखळायला होतं.

काय पाठवता येतं यालाही हद्द आहे. आकडा, स्ट्रिंग, खरं-खोटं, अ‍ॅरे, साधा ऑब्जेक्ट, हे सगळं जातं. फंक्शन जात नाही. तारीख पाठवलीत तर प्लेराइट ती तारीख म्हणूनच पोचवतं. पपेटिअरमध्ये क्रोमबरोबर ती पलीकडे स्ट्रिंग होऊन पोचते आणि मग ‘गेटटाइम इज नॉट अ फंक्शन’ असा एरर हाती येतो. आणि जे काही जातं त्याची प्रत जाते. आत अ‍ॅरेमध्ये काही घातलंत तर बाहेरचा अ‍ॅरे जसाच्या तसा राहतो. बदललेला हवा असेल तर रिटर्न करून मागवून घ्या.

कन्सोल.लॉगचंही तेच. पानात लिहिलेलं पानाच्या कन्सोलवर उमटतं. ब्राउझर उघडा ठेवून डेव्हटूल्स लावलेत तर तिथे दिसेल. टर्मिनलवर हवं असेल तर पेज.ऑन लिहून ‘कन्सोल’ हा इव्हेंट ऐका आणि आलेला मजकूर स्वतः छापा. ही एक ओळ प्रत्येक प्रोजेक्टच्या सेटअपमध्ये असावी असं माझं ठाम मत आहे. त्यात पानाने स्वतः कन्सोलवर लिहिलेले एररही दिसू लागतात आणि पुष्कळदा टेस्ट पडण्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्याला मी एक सराव करायला लावते. इव्हॅल्युएटला द्यायचं फंक्शन आधी वेगळं ठेवायचं, त्याचं टू-स्ट्रिंग टर्मिनलवर छापायचं आणि तो मजकूर परक्याचा असल्यासारखा वाचायचा. त्यात वापरलेलं पण तिथे व्याख्या नसलेलं प्रत्येक नाव पेन्सिलीने अधोरेखित करायचं. डॉक्युमेंट? पानात आहे. विंडो? आहे. मर्यादा? नाही. एफएस, प्रोसेस, रिक्वायर? एकही नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर हा प्रश्न पुन्हा कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न : फंक्शनमधून क्वेरीसिलेक्टरने शोधलेला एलिमेंट रिटर्न केला. पपेटिअरमध्ये रिकामा ऑब्जेक्ट मिळाला. मैत्रिणीने तेच प्लेराइटमध्ये केलं तर तिला ‘रेफ’ आणि पुढे ‘नोड’ असं लिहिलेली एक स्ट्रिंग मिळाली. एलिमेंट बाहेर आणायचाच नाही का?

उत्तर : आणता येतो, पण त्याची प्रत येत नाही, पत्ता येतो. डीओएममधला (ब्राउझरने मेमरीत मांडलेल्या पानाच्या झाडातला) एलिमेंट म्हणजे पालक, मुलं, स्टाइल, लिसनर यांना जोडलेली एक जिवंत गाठ असते. तिची सपाट प्रत काढून पाठवता येत नाही, म्हणून तुमच्या हाती रिकामा ऑब्जेक्ट येतो आणि मैत्रिणीच्या हाती ती निशाणी.

पत्ता हवा असेल तर इव्हॅल्युएटहँडल वापरा. त्यातून मिळणारा हँडल पुढच्या इव्हॅल्युएटला आर्ग्युमेंट म्हणून द्या. आत गेल्यावर तो पुन्हा खराखुरा एलिमेंट झालेला असतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या: तुमच्याकडे हँडल आहे तोवर ब्राउझर ती वस्तू मेमरीतून काढत नाही. लूपमध्ये हजारो हँडल घेत असाल तर काम झालं की डिस्पोज करा. पान दुसरीकडे गेलं की हँडल आपोआप निकामी होतात.

पण खरं सांगू? तुम्हाला बहुधा एलिमेंट नकोच असतो. त्यातला मजकूर हवा असतो, एखादा अ‍ॅट्रिब्यूट हवा असतो, तो दिसतोय की नाही हे हवं असतं. मग तेवढंच आत काढा आणि तेवढंच रिटर्न करा.

प्रश्न : मी पायथॉनमधून सेलेनियम चालवते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाइप केलं की उत्तर देणारी ओळ एक्झिक्यूट_स्क्रिप्टमध्ये टाकली की ‘नन’ येतं. शिवाय नावात अपॉस्ट्रॉफी असलेला ग्राहक आला की स्क्रिप्टच मोडते.

उत्तर : पहिल्याचं कारण : तुमची स्ट्रिंग हे एका फंक्शनचं पोट असतं. पोटात ‘रिटर्न’ नाही म्हणून काही परत येत नाही. ओळीच्या आधी रिटर्न लिहा.

दुसऱ्याबद्दल मी जरा कळकळीने लिहिते आहे. तुम्ही एफ-स्ट्रिंग वापरून नाव थेट स्क्रिप्टच्या मजकुरात चिकटवत आहात. अपॉस्ट्रॉफी आली की जावास्क्रिप्टची स्ट्रिंग तिथेच संपते आणि उरलेलं नाव कोड म्हणून वाचलं जातं. आज फक्त सिंटॅक्स एरर येतोय. उद्या ते नाव बाहेरच्या कुठल्या फाइलमधून येत असेल तर त्या फाइलमध्ये लिहिलेलं काहीही तुमच्या लॉगइन केलेल्या पानात चालू शकतं. डेटाबेसच्या क्वेरीत आपण हे करत नाही, इथेही करायचं नाही. स्क्रिप्टमध्ये आर्ग्युमेंट्स[०] लिहा आणि नाव एक्झिक्यूट_स्क्रिप्टला दुसरी किंमत म्हणून द्या. अपॉस्ट्रॉफी, उलटा स्लॅश, नवी ओळ, सगळं सुखरूप पोचतं. वेबएलिमेंटही याच वाटेने देता येतो, आणि सेलेनियममध्ये तो रिटर्न केला तर वेबएलिमेंट म्हणूनच परत मिळतो.

प्रश्न : ताई, बटणावर क्लिक करताना ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ असा एरर यायचा. एका सहकाऱ्याने सुचवलं की जावास्क्रिप्टने क्लिक कर. आता एकही टेस्ट पडत नाही. मग सगळीकडे तसंच केलं तर काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे, आणि या अंकात मला सगळ्यात जास्त याच उत्तराबद्दल लिहायचं होतं.

आधी दोन क्लिकमधला फरक बघा. लायब्ररीचं क्लिक ब्राउझरला सांगतं की पडद्यावर अमुक ठिकाणी माउस आण आणि दाब. मग त्या बिंदूवर सगळ्यात वर जे काही असेल त्याला पॉइंटरडाउन, माउसडाउन, फोकस, माउसअप, क्लिक अशी सगळी माळ मिळते. प्लेराइट तर त्याआधी थांबून खात्री करतं: एलिमेंट दिसतोय का, चालू आहे का, सलग दोन अ‍ॅनिमेशन फ्रेममध्ये एकाच जागी स्थिर आहे का, आणि त्या बिंदूवरचा क्लिक खरंच त्यालाच पोचणार आहे का. पानाच्या आतून एलिमेंट.क्लिक म्हटलंत तर यातलं काहीच होत नाही. फक्त एक क्लिक इव्हेंट थेट त्या एलिमेंटच्या हातात दिला जातो. तो पडद्याबाहेर असो, दुसऱ्या कशाखाली दडलेला असो, डिस्प्ले नन असो, क्लिक होतोच. त्या इव्हेंटचं इझट्रस्टेड खोटं असतं. फोकस हलत नाही. माउसडाउनवर उघडणारा मेनू उघडत नाही. आणि ज्या गोष्टींना ब्राउझर माणसाची खरी कृती मागतो, उदाहरणार्थ पूर्ण पडदा करणं किंवा नवी खिडकी उघडणं, त्या नाकारल्या जाऊ शकतात.

आता तुमच्या एररकडे या. ‘इंटरसेप्टेड’चा अर्थ असा की तुम्ही जिथे दाबायला गेलात तिथे दुसरंच काहीतरी वर होतं. त्याच एररच्या पुढच्या भागात कोणता एलिमेंट आड आला तेही लिहिलेलं असतं. तो भाग वाचा. लोडिंगचा पडदा असेल तर तो जाईपर्यंत थांबा. वर चिकटून राहणारा हेडर असेल तर एलिमेंट थोडा खाली येईल असं स्क्रोल करा. कुकीची पट्टी असेल तर माणूस करेल तसं आधी तिच्यावरचं बटण दाबा.

एका प्रोजेक्टवर मला रिव्ह्यूसाठी बोलावलं होतं. तिथे ‘जतन करा’ या बटणाची टेस्ट कित्येक महिने हिरवी होती, आणि ग्राहकसेवेकडे मात्र बटण चालत नसल्याच्या तक्रारी येत होत्या. टेस्ट उघडली तर इव्हॅल्युएटमधून क्लिक. ती ओळ काढून लायब्ररीचं साधं क्लिक लावलं, खिडकीची रुंदी ३६० पिक्सेल केली आणि चालवलं. टेस्ट लगेच पडली. कुकीची पट्टी अरुंद पडद्यावर दोन ओळींची होत होती आणि बटणाचा जवळजवळ सगळा भाग झाकत होती. त्यावर पट्टी बंद करायचं चिन्ह पडद्याबाहेर ढकललं गेलं होतं. तुम्हाला आला तसाच एरर तिथेही आधी नेमकं हेच सांगत आला असणार. कोणीतरी तो एरर गप्प केला होता.

म्हणून माझ्या रिव्ह्यूचा नियम असा : आतून वाचायला ना नाही, आतून कृती केली असेल तर शेजारी कारण लिहिलेलं हवं. कारण असू शकतं. टेस्ट ज्या गोष्टीची नाहीच ती तयारी पटकन उरकायची असेल, किंवा मूळ पानाचा नुसता क्लिक हँडलर तपासायचा असेल, तर जरूर करा. प्लेराइटमध्ये त्यासाठी डिस्पॅचइव्हेंट वेगळं दिलेलंच आहे, ते वापरलंत तर वाचणाऱ्याला हेतूही कळतो.

प्रश्न : मग इनपुटची व्हॅल्यू आतून बदलणंही तसलंच का? मी रिअ‍ॅक्टच्या फॉर्ममध्ये आतून व्हॅल्यू भरली, इनपुट इव्हेंटही पाठवला. पडद्यावर अक्षरं दिसतात, पण ‘पुढे’ बटण बंदच राहतं.

उत्तर : हो, तसलंच, आणि रिअ‍ॅक्टमध्ये त्याला आणखी एक गाठ आहे. रिअ‍ॅक्ट प्रत्येक इनपुटवर स्वतःचा एक पहारा बसवतं. तुम्ही एलिमेंट.व्हॅल्यू बदललीत की पहारेकरी नवी किंमत टिपून ठेवतो. नंतर तुमचा इनपुट इव्हेंट येतो तेव्हा रिअ‍ॅक्ट विचारतं, शेवटची नोंद आणि आताची किंमत यात फरक आहे का? नाही. मग काही बदललंच नाही असं समजून ऑनचेंज चालवत नाही. एचटीएमएलइनपुटएलिमेंटच्या प्रोटोटाइपवरचा मूळ सेटर काढून त्याच्यामार्फत किंमत भरली आणि मग बुडबुड्यासारखा वर जाणारा इव्हेंट पाठवला तर हे चालतं. तरी हे माहितीसाठी सांगितलं. तुमच्या टेस्टमध्ये फिल लिहा, आणि प्रत्येक अक्षराला काही घडतं असा इनपुट असेल तर प्रेससिक्वेन्शियली.

प्रश्न : माझ्याकडे १२०० ओळींचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीत सहा रकाने. लूप लावून एकेका पेशीचा मजकूर मागवते. फार वेळ लागतो.

उत्तर : लागणारच, कारण ७२०० वेळा तुमचा निरोप ब्राउझरकडे जातोय आणि ७२०० वेळा उत्तर परत येतंय. एका फेरीला लागणारा वेळ थोडाच, पण तुम्ही प्रत्येक फेरीला अवेट करताय, त्यामुळे सगळ्या फेऱ्या एकापुढे एक रांगेत लागतात.

आतून स्क्रिप्ट चालवण्याचा खरा उपयोग इथे आहे. ओळींचा लोकेटर (पानातले एलिमेंट शोधून देणारी प्लेराइटची वस्तू) घ्या, त्यावर इव्हॅल्युएटऑल लावा, आतल्या आत सगळ्या ओळींवरून फिरा आणि साध्या ऑब्जेक्टचा एक अ‍ॅरे परत आणा. पपेटिअरमध्ये यालाच दोन डॉलर आणि इव्हॅल अशा नावाची मेथड आहे. एक फेरी, काम झालं.

दोन ठिकाणी सांभाळा. लोकेटरचं टेक्स्टकंटेंट एलिमेंट यायची वाट बघतं. इव्हॅल्युएटऑल बघत नाही. त्या क्षणी जेवढ्या ओळी आहेत तेवढ्या, शून्य असतील तर शून्य. म्हणून आधी शेवटची ओळ आल्याची किंवा ओळींची संख्या जुळल्याची खात्री करा आणि मगच वाचा. दुसरं, तक्ता जर पडद्यावर दिसणाऱ्याच ओळी डीओएममध्ये ठेवत असेल, आणि मोठे तक्ते हल्ली तसेच असतात, तर १२०० ओळी तुम्हाला एका वेळी कधीच सापडणार नाहीत. स्क्रोल करा, वाचा, ओळीच्या आयडीवरून आधीच घेतलेल्या गाळा, परत स्क्रोल करा.

आणि आत टेक्स्टकंटेंट वापरायचं की इनरटेक्स्ट, हे ठरवून वापरा. इनरटेक्स्ट माणसाला दिसतं ते देतं: लपवलेला भाग वगळतं, सीएसएसने मोठी केलेली अक्षरं मोठीच देतं, आणि त्यासाठी ब्राउझरला मांडणीचा हिशोब करावा लागतो. टेक्स्टकंटेंट डीओएममध्ये लिहिलेलं सगळं जसंच्या तसं देतं आणि लवकर देतं. निव्वळ आकडे हवे असतील तर टेक्स्टकंटेंट पुरतं.

प्रश्न : कोड कालपर्यंत चालत होता. आज बिल्डचं साधन बदललं आणि इव्हॅल्युएटमध्ये ‘डबल अंडरस्कोअर नेम इज नॉट डिफाइन्ड’. हे नाव मी कुठेही लिहिलेलं नाही!

उत्तर : तुम्ही लिहिलेलं नाही, साधनाने लिहिलं आहे. पहिल्या उत्तरातला टू-स्ट्रिंग आठवा. ब्राउझरकडे तुमच्या फाइलमधला मजकूर जात नाही, रूपांतर झाल्यानंतरचा जातो. ईएसबिल्ड या बिल्डच्या साधनाला फंक्शनची नावं जपायला सांगितलं असेल तर ते आतल्या नाव असलेल्या फंक्शनांभोवती स्वतःचा एक छोटा मदतनीस गुंडाळतं. त्याची व्याख्या फाइलच्या माथ्यावर असते, म्हणजे नोडमध्ये. पानात तो नसतो. ईएसबिल्ड वापरून टाइपस्क्रिप्ट चालवणाऱ्या टीएसएक्सने टेस्ट चालवणाऱ्यांना हा अनुभव बऱ्याचदा येतो.

याचीच भावंडं दोन. कोड कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला याची मोजणी) चालू केल्यावर ‘सीओव्ही’ने सुरू होणारं लांबलचक नाव सापडत नाही म्हणून टेस्ट पडतात, कारण कव्हरेज मोजणारं इस्तंबूल हे साधन प्रत्येक ओळीपाशी मोजणी घालतं आणि त्या मोजण्या फंक्शनबरोबर पानात जातात. फंक्शनच्या आधी ‘इस्तंबूल इग्नोअर नेक्स्ट’ अशी टिप्पणी टाकली की ते तिथे हात लावत नाही. आणि बेबल हे रूपांतराचं साधन जुन्या ब्राउझरसाठी असिंक फंक्शन बदलत असेल तर त्याचाही मदतनीस असाच मागे राहतो.

तुमच्यासाठी दोन वाटा. आतलं फंक्शन इतकं छोटं ठेवा की त्यात आणखी फंक्शनं लागणारच नाहीत. तसं जमत नसेल तर पानात चालायचा कोड वेगळ्या साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा, ती बिल्डमधून वगळा आणि अ‍ॅडइनिटस्क्रिप्टला तिचा पाथ द्या. दुसरी वाट मला अधिक आवडते, कारण तो कोड परक्या मुलखात चालतो हे फाइल बघताक्षणीच कळतं.

प्रश्न : ‘एक्झिक्यूशन कॉन्टेक्स्ट वॉज डिस्ट्रॉइड’. दर वेळी येत नाही, कधीतरीच येतो. दोन सेकंद थांबलं की जातो.

उत्तर : आधीच्या क्लिकने पान दुसरीकडे निघालं आहे आणि तुमची स्क्रिप्ट जुन्या पानात अडकली आहे. नेव्हिगेशन झालं की जुन्या पानाचं सगळं जावास्क्रिप्टचं जग पुसलं जातं, त्यात तुमची चालू स्क्रिप्टही जाते. दोन सेकंद थांबणं हा जुगार आहे. सर्व्हर मंद असेल त्या दिवशी हरतो. नव्या पानाचा यूआरएल येईपर्यंत थांबा किंवा फक्त नव्या पानातच असणाऱ्या एखाद्या मजकुराची वाट बघा. पपेटिअरमध्ये नेव्हिगेशनची वाट आणि क्लिक हे दोन्ही प्रॉमिस.ऑलमध्ये एकत्र सुरू करा, नाहीतर वाट बघायला लागेपर्यंत पान पोचलेलं असतं.

प्रश्न : पहिल्यांदा येणाऱ्याला साइटची ओळख करून देणारी खिडकी मला टेस्टमध्ये नको आहे. लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साइटच्या साठ्यात) ‘पाहिली’ असं लिहिलं की ती येत नाही. पण गोटूने पान उघडल्यावर इव्हॅल्युएटने लिहिते तोवर खिडकी उघडलेली असते.

उत्तर : तुम्हाला पानाच्या स्वतःच्या स्क्रिप्टच्याही आधी जायचं आहे. त्यासाठी प्लेराइटमध्ये अ‍ॅडइनिटस्क्रिप्ट आणि पपेटिअरमध्ये इव्हॅल्युएटऑनन्यूडॉक्युमेंट आहे. डॉक्युमेंट तयार झालं पण त्यातली एकही स्क्रिप्ट अजून चाललेली नाही, अशा क्षणी तुमचा कोड चालतो. गोटूच्या आधी नोंदवा. दर नेव्हिगेशनला तो पुन्हा चालतो, त्यामुळे एकदाच लिहिणं पुरतं.

मात्र तो पानातल्या आयफ्रेमांमध्येही चालतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेमला लोकलस्टोरेज वापरायची परवानगी नसेल तर तिथे सिक्युरिटी एरर उठतो आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता. कोडच्या सुरुवातीला विंडो.ओरिजिन तुमच्याच साइटचं आहे का ते बघा, नसेल तर काही न करता परत फिरा.

प्रश्न : अ‍ॅडस्क्रिप्टटॅगने एक छोटी लायब्ररी पानात घालायची आहे. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीने (पानात कुठल्या स्क्रिप्ट चालाव्यात हे ठरवणाऱ्या साइटच्या नियमाने) अडवलं. बायपाससीएसपी हा पर्याय दिसला. लावू का?

उत्तर : आधी टॅगशिवाय होतंय का बघा. अ‍ॅडस्क्रिप्टटॅग पानात खराखुरा स्क्रिप्ट टॅग बसवतं, म्हणून पॉलिसी त्याला इतर कुठल्याही टॅगसारखीच अडवते. इव्हॅल्युएट टॅग बनवत नाही, ब्राउझरला प्रोटोकॉलवरून सांगतं, त्यामुळे त्याला हा अडथळा सहसा येत नाही. लायब्ररीचं काम नोडमध्येच होण्यासारखं असेल, एखादा हॅश काढणं किंवा फाइलमध्ये लिहिणं, तर एक्सपोझफंक्शन बघा: नोडमधलं फंक्शन पानाच्या विंडोवर टांगलं जातं, पानातून हाक मारली की काम नोडमध्ये होतं आणि उत्तर प्रॉमिस म्हणून परत येतं.

बायपास लावायचाच असेल तर तो कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचं स्वतंत्र सत्र) तयार करतानाच लागतो, पान उघडल्यावर लावून उपयोग नाही. आणि तो वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा. पॉलिसी बंद केलेलं पान तुमच्या वापरणाऱ्यांना कधीच मिळत नाही. त्यावर चाललेल्या टेस्टना, पॉलिसी चुकून कडक होऊन साइटचीच एखादी स्क्रिप्ट अडली, तर ते कळणार नाही.

प्रश्न : एवढी भानगड आहे तर सगळी टेस्टच पानाच्या आत का लिहीत नाहीत?

उत्तर : सुरुवात तशीच झाली होती. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्समध्ये सेलेनियम लिहिलं तेव्हा ते पानात चालणारं जावास्क्रिप्टच होतं. ते सेम-ओरिजिनच्या (एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटच्या पानात डोकावू न देणाऱ्या) नियमात अडकलं: टेस्टचा कोड आणि तपासायची साइट एकाच ओरिजिनवर असावी लागायची, आणि पान सोडून दुसऱ्या डोमेनवर गेलं की सूत्र तुटायचं. मधे प्रॉक्सी घालून त्यातून वाट काढली गेली. सायमन स्टीवर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ब्राउझरला बाहेरून हाताळायची वाट घेतली, पुढे ती सेलेनियममध्येच आली आणि जून २०१८ मध्ये ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाली. २०१७ चं पपेटिअर आणि २०२० चं प्लेराइट हीसुद्धा बाहेरूनच चालवतात. आत राहून टेस्ट करायची वाट सायप्रेस या साधनाने धरली आहे आणि तिचे फायदेही आहेत, पण तिथेही वेगळ्या ओरिजिनवर जायचं म्हटलं की त्यासाठी वेगळी सोय वापरावी लागते.

याच सेम-ओरिजिनच्या नियमामुळे एका वाचकाचं पेमेंटचं पान अडलं आहे. दुसऱ्या डोमेनवरच्या आयफ्रेममधलं इनपुट त्यांना पेज.इव्हॅल्युएटमधून सापडत नाही. सापडणार नाही, कारण तुमची स्क्रिप्ट मुख्य पानात आहे आणि ब्राउझर तिला शेजारच्या ओरिजिनमध्ये डोकावू देत नाही. लायब्ररी बाहेर असल्यामुळे तिला ही भिंत लागत नाही. फ्रेमलोकेटरने त्या आयफ्रेममधलं इनपुट धरा आणि फिल करा. आत काही वाचायचंच असेल तर त्या फ्रेमचा ऑब्जेक्ट घेऊन त्यावर इव्हॅल्युएट म्हणा. स्क्रिप्ट थेट त्याच फ्रेममध्ये चालेल.